ताठर शरीराने योग सुरू करताना: अय्यंगार पद्धती, सूर्यनमस्कार की कैवल्यधामाची वाट?

योगवर्गाची चौकशी करायला आलेला प्रौढ माणूस हमखास विचारतो, ‘माझे शरीर अजिबात वाकत नाही, मला जमेल का?’ जमते, परंतु पहिले सहा महिने सुखाचे जातील की कंबर धरून घरी बसावे लागेल, हे सुरुवात कोणत्या पद्धतीने केली यावर पुष्कळसे अवलंबून असते. महाराष्ट्रात अशा माणसासमोर साधारणपणे तीन वाटा असतात: पुण्यात वाढलेली अय्यंगार पद्धती, सूर्यनमस्कार व त्यांच्या आधारे चालणारे विन्यासाचे (श्वासाच्या लयीत एका आसनातून दुसऱ्यात जाण्याचे) वर्ग, आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामाच्या परंपरेतील सावकाश आसनाभ्यास. लवचिकता तिन्ही वाटांनी येते. ताणलेल्या स्थितीत ताठर माणसाला किती वेळ आणि किती सुखाने थांबता येते, यात मात्र त्यांच्यात मोठा फरक आहे, आणि माझ्या मते नवशिक्याने निवड याच कसोटीवर करावी.

थांबण्याला एवढे महत्त्व का, हे आधी पाहणे योग्य होईल. पुढे वाकताना मांडीच्या मागचे स्नायू आपल्याला अडवतात ते बहुतेक वेळा त्यांची लांबी संपली म्हणून नव्हे, तर तेवढा ताण सोसण्याची मज्जासंस्थेला सवय नसते म्हणून. पहिल्या काही आठवड्यांत जी प्रगती दिसते ती मुख्यत्वे ही सहनशक्ती वाढल्याची असते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २०११ मधील मार्गदर्शनानुसार प्रौढांनी एक ताण १० ते ३० सेकंद आणि वयस्करांनी ३० ते ६० सेकंद धरावा, प्रत्येक स्नायुगटाला एकूण सुमारे ६० सेकंद मिळावेत आणि हा अभ्यास आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस, शक्यतो रोज व्हावा. आकडे किरकोळ वाटतात. मात्र ज्याचे हात गुडघ्यांच्या खाली जात नाहीत, त्याने दात-ओठ न खाता आणि श्वास न कोंडता अर्धा मिनिट तिथे थांबून पाहावे, म्हणजे अडचण कुठे आहे ते कळते.

वर्ग ठरवण्यापूर्वी आपला ताठरपणा नेमका कुठे आहे हेही घरीच तपासता येते. उताणे झोपून एक पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलावा. तो काटकोनाच्या बराच अलीकडे अडत असेल तर मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले आहेत. उकिडवे बसताना टाचा उचलल्या जात असतील, पण टाचांखाली जाड पुस्तक ठेवताच नीट बसता येत असेल, तर दोष बहुधा घोट्यांचा आहे. मांडी घातल्यावर गुडघे जमिनीपासून वीतभर वर राहत असतील तर खुब्यांकडे लक्ष द्यावे. खुब्याच्या खोबणीची ठेवण माणसागणिक वेगळी असते, आणि काहींना हाडांच्या या ठेवणीमुळेच पद्मासन कधीही जमत नाही. त्यात कमीपणा काही नाही. मात्र खुबा वळत नसताना पाय ओढून मांडीवर बसवला, तर त्याची किंमत गुडघा मोजतो.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि १९७५ मध्ये तिथे रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. बालपणी आजारांनी खंगलेल्या आणि स्वतःच ताठर शरीराने आसने शिकू लागलेल्या या माणसाने विटा, पट्टे, लोड, घडीची ब्लँकेटे, खुर्च्या आणि भिंतीतले दोर यांचा इतका बारकाईने उपयोग करावा, हे सुसंगतच म्हणायचे. या साधनांचे काम पश्चिमोत्तानासनात सर्वांत स्पष्ट दिसते. पाय पसरून बसताच ताठर माणसाची श्रोणी (कमरेखालचा हाडांचा सांगाडा) मागे कलंडते, कंबर गोल होते, आणि हात पावलांपर्यंत नेण्याच्या खटाटोपात ताण मांडीऐवजी कमरेच्या मणक्यांवर जातो. त्याच माणसाच्या बैठकीखाली दोन-तीन ब्लँकेटांच्या घड्या सरकवल्या, तळव्यांभोवती पट्टा टाकून त्याची टोके हातात दिली आणि पाठ सरळ ठेवायला सांगितली, तर इंचभरही पुढे न वाकता त्याला मांडीच्या मागे स्वच्छ ताण जाणवतो आणि तिथे तो मिनिटभर श्वास घेत बसू शकतो. बघणाऱ्याला यात काही घडते आहे असे वाटत नाही, आणि बहुधा म्हणूनच या पद्धतीची छायाचित्रे फारशी कोणी पुढे पाठवत नाही.

त्रिकोणासनात हाताखाली वीट, अधोमुख श्वानासनात भिंतीचा किंवा दोराचा आधार, सुप्त पादांगुष्ठासनात उताणे झोपून पायाला पट्टा, असा सगळा क्रम याच तत्त्वावर चालतो. यातले शेवटचे आसन तर मांडीच्या मागचे स्नायू आखडलेल्यांसाठी सर्वांत सुरक्षित मानावे, कारण पाठ जमिनीवर टेकलेली असल्याने कमरेला फसवणूक करायला फारसा वाव राहत नाही. उणीव अशी की वर्ग संथ आणि काहीसा कडक वाटतो. पायाची करंगळी, गुडघ्याची वाटी, खांद्याची फळी यांवर सूचना येत राहतात आणि घाम गाळायच्या अपेक्षेने आलेला माणूस दुसऱ्याच आठवड्यात कंटाळू शकतो. साधनांचा खर्चही असतो, तरी घरच्या सरावापुरते सुती पंचा, जुनी चादर आणि न हलणारी खुर्ची यांवर बरेच निभावते.

सूर्यनमस्काराचे आकर्षण वेगळे आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा हिरिरीने प्रसार केला, आणि आज शाळेच्या मैदानापासून रथसप्तमीच्या सामूहिक कार्यक्रमांपर्यंत ते मराठी माणसाच्या ओळखीचे आहेत. पैसा लागत नाही, सतरंजीएवढी जागा पुरते, शरीर तापते, खांदे आणि मनगटे बळकट होतात. लवचिकतेच्या दृष्टीने हिशेब मांडला तर बारा नमस्कारांत पुढे वाकण्याची स्थिती चोवीस वेळा येते. प्रत्येक वेळी चार सेकंद धरले तर दीड मिनिटाहून अधिक ताण मिळतो. कागदावर हा आकडा उत्तम दिसतो. प्रत्यक्षात ते चार सेकंद ताठर माणूस कंबर गोल करून, मान ताणून, पुढच्या स्थितीच्या घाईत घालवतो. मागे गेलेला पाय पुन्हा दोन हातांच्या मध्ये आणायची वेळ आली की पाऊल वीतभर मागेच पडते आणि घोटा हाताने धरून ओढावा लागतो, हे कोणत्याही वर्गात दिसणारे दृश्य आहे. हातांखाली दोन विटा ठेवल्या आणि हस्तपादासनात, म्हणजे उभ्याने पुढे वाकण्याच्या स्थितीत, गुडघे बिनदिक्कत वाकवले तर हे दोन्ही प्रश्न बरेच सुटतात, पण सामूहिक वर्गात ही सवलत मागण्याचा संकोच लोकांना वाटतो. पहिल्याच वर्षी १०८ नमस्कारांचा संकल्प सोडण्यापेक्षा हा संकोच सोडणे अधिक उपयोगाचे ठरेल.

म्हैसूरच्या पट्टाभि जोईस यांच्या अष्टांग विन्यास पद्धतीत सूर्यनमस्कारापुढे आसनांचा ठरलेला क्रम येतो आणि बहुतेक आसन पाच श्वास धरले जाते. अय्यंगार आणि जोईस हे दोघेही टी. कृष्णम्माचार्यांचे शिष्य, तरी एकाच गुरूकडून निघालेल्या या दोन वाटा ताठर नवशिक्याला अगदी वेगळ्या ठिकाणी नेतात. अष्टांगाच्या पहिल्या क्रमात पुढे वाकण्याची आसने भरपूर आहेत आणि अर्धपद्मासनाची बांधणी लवकरच येते, त्यामुळे मांडीचे मागचे स्नायू आणि गुडघे यांवर भार पडतो. प्रत्येकाला त्याच्या गतीने पुढे नेणारा आणि जमत नसलेल्या आसनापाशी थांबवणारा शिक्षक मिळाला, वय कमी असले आणि रोजच्या सरावाची तयारी असली, तर प्रगती झपाट्याने होते. संगीताच्या तालावर तासभर न थांबता चालणारे मिश्र विन्यास वर्ग मात्र ताठर माणसाने पहिल्या काही महिन्यांत टाळावेत असेच मी सांगेन.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. त्या परंपरेतील आसनाभ्यासात पतंजलींचे ‘स्थिरसुखमासनम्’ हे सूत्र आणि त्यापाठोपाठ येणारा प्रयत्नशैथिल्याचा विचार प्रत्यक्ष सरावात उतरवलेला दिसतो: सावकाश स्थितीत जायचे, जोर सोडायचा, श्वास सहज चालू ठेवायचा आणि तितक्याच सावकाश परतायचे. पवनमुक्तासन, भुजंगासन, अर्धशलभासन, वक्रासन, मानेसाठी ब्रह्ममुद्रा असा हा सौम्य संच आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांना, रक्तदाब असलेल्यांना किंवा नुकतेच दुखण्यातून उठलेल्यांना मी डॉक्टरांच्या सल्ल्याने हीच वाट आधी सुचवेन. लवचिकता मात्र इथे हळू वाढते, कारण जोर सोडण्यावर भर असल्याने ताण मर्यादेच्या बराच आत राहतो. शिवाय जमिनीवर सुखाने बसता येते हे बऱ्याचदा गृहीत धरलेले असते. ज्यांना येत नाही त्यांनी चादरीची जाड घडी घेऊन त्यावर बसावे, कोणी हरकत घेत नाही.

मोठ्या शहरांत आणि परदेशात आणखी दोन पर्याय दिसतात. यिन योगात एकेक स्थिती तीन ते पाच मिनिटे सैल शरीराने धरतात. सांध्यांच्या टोकापर्यंत न जाता केल्यास पूरक सराव म्हणून तो चांगला आहे. हॉट योगात खोली सुमारे ४० अंश सेल्सियसपर्यंत तापवलेली असते, त्यामुळे शरीर तात्पुरते सैल पडते आणि आपली मर्यादा कुठे संपली याचा अंदाज चुकतो. टोरांटोच्या जानेवारीत त्याचा मोह समजू शकतो. मुंबईच्या मे महिन्यात पैसे भरून उकाडा विकत घेण्याचे प्रयोजन मला कळलेले नाही.

दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या, मांडीचे मागचे स्नायू आणि खुबे आखडलेल्या, पण अन्यथा धडधाकट माणसाने अय्यंगार पद्धतीने सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आठवड्यातून दोन वर्ग आणि उरलेल्या दिवशी घरी पंधरा-वीस मिनिटे सुप्त पादांगुष्ठासन, भिंतीला हात टेकून अर्धे वाकणे आणि खुर्चीच्या आधाराने पीळ, एवढे तीन-चार महिने केले की सूर्यनमस्कारातली कंबर आपोआप कमी गोल होते, आणि मग नमस्कार किंवा विन्यास हवा तेवढा वाढवता येतो. ज्याला एका जागी थांबवतच नाही, त्याने मन मारून अय्यंगार वर्गात बसण्यापेक्षा गुडघे वाकवून सहा नमस्कार घालावेत आणि शरीर तापलेले असतानाच पट्टा घेऊन प्रत्येक पायाला मिनिटभर द्यावे. सोडून दिलेल्या उत्तम पद्धतीपेक्षा चालू राहिलेली मध्यम पद्धत बरी, हे इथे मान्य करावे लागते.

कोणतीही वाट निवडली तरी काही पथ्ये समान आहेत. झोपेतून उठल्यावर मणक्यांमधल्या चकत्या रात्रभरात शोषलेल्या पाण्याने फुगलेल्या असतात, म्हणून पहिल्या तासात खोल पुढे वाकणे टाळावे. ताठर माणसाला संध्याकाळचा वर्ग अधिक मानवतो. ताण स्नायूच्या मध्यभागी जाणवला तर ठीक. बैठकीच्या हाडापाशी टोचू लागले, गुडघ्याच्या आत दुखले किंवा पायात मुंग्या उतरल्या तर तिथेच थांबावे. बैठकीच्या हाडापाशी रोज ओढून धरलेले दुखणे महिनोन्महिने रेंगाळू शकते, आणि ते ताणून बरे होत नाही.

वर्गाचे पैसे भरण्यापूर्वी एक दिवस नुसते बघायला बसू देतात का, ते विचारावे. बसू दिले तर पुढे वाकण्याच्या आसनात शिक्षक सर्वांत कडक विद्यार्थ्याशी कसे वागतात एवढेच पाहावे. त्यांनी त्याच्या बैठकीखाली काही सरकवले किंवा गुडघे वाकवायला सांगितले तर नाव नोंदवायला हरकत नाही. पाठीवर हात ठेवून त्याला खाली दाबले तर दुसरा वर्ग शोधावा, मग भिंतीवर कोणत्याही परंपरेची तसबीर असो.