आजव्याचं पाणी आणि स्टीलचा कँडल फिल्टर: चार वर्षांचा अनुभव

२०२१च्या धनत्रयोदशीला बडोद्यात मांडवीजवळच्या भांड्यांच्या दुकानातून मी स्टीलचा दोन डब्यांचा फिल्टर आणला. २७ लिटरचा, वरच्या डब्यात तीन सिरॅमिक कँडल, खालच्या डब्याला तोटी. किंमत २,६०० रुपये. शहराच्या वाडी भागातल्या आमच्या घरी पाणियारं, म्हणजे पिण्याच्या पाण्याची भांडी ठेवायचा कट्टा, अजून आहे, त्यावर माठाशेजारी तो बरोबर बसला.

खरं तर घरात सगळ्यांना आरओ, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षारही काढणारं विजेवरचं मशीन, हवा होता. आठच दिवस आधी एक विक्रेता येऊन गेला होता. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडली. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी झालं, वर काळपट तवंग आला. सासूबाई हादरल्याच. "अगं, इतकी वर्षं आपण हे पितोय?" मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. त्या मुलाला म्हटलं, तुझ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाक आणि परत वीज सोड. तोही ग्लास तसाच तपकिरी झाला. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, कांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. तो रंग कांडीचा. मुलाला बिचाऱ्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग शेजाऱ्यांकडून मीटर आणून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजला. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या पुष्कळ खाली. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ५००पर्यंत क्षार चालतात, आणि त्याखाली आरओ वापरूच देऊ नका, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली केंद्र सरकारला सांगितलं होतं. शिवाय आरओ एक हंडा देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो. ते माझ्याच्याने बघवत नाही.

क्षार कमी का, हे समजायला आपलं पाणी येतं कुठून ते बघावं लागतं. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते, वाटेत सूर्येसारखी छोटी नदी घेते आणि शहर ओलांडून पुढे ढाढरला मिळते. नदी लहान, सगळी मदार पावसाच्या चार महिन्यांवर. म्हणून सयाजीराव महाराजांनी १८९०च्या सुमारास वरच्या अंगाला मातीचा लांबलचक बांध घालून ते पाणी आजव्याच्या तलावात अडवलं. म्हणजे आम्ही वर्षभर पितो ते मुख्यतः पावसाळ्यात साठवलेलं पाणी. जमिनीत मुरून वर्षानुवर्षं दगडातले क्षार प्यायलेलं ते नव्हे. त्याचा दोष एकच, गढूळपणा. निमेट्याच्या प्लँटमध्ये ते शुद्ध होऊनच येतं, तरी जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या कँडलवर चार दिवसांत बोटाला लागेल असा पिवळसर, बुळबुळीत थर चढतो. मार्चमध्ये तीच कँडल पंधरा दिवस पांढरी राहते.

तो थर मऊ ब्रशने, साबण न लावता, नुसत्या पाण्याखाली घासायचा. न घासल्यास धार थेंबावर येते. एरवी वरचा डबा चार-पाच तासांत उतरतो, श्रावणात मात्र रात्रभर लागते. घाईच्या माणसाला हा फिल्टर जमणार नाही, हे आधीच सांगते. तोटीचा वॉशर दोनदा बदलावा लागला, तो जाड सिलिकॉनचा घ्या.

ऑगस्ट २०२४च्या पुरात याची खरी किंमत कळली. विश्वामित्रीवरच्या काळ्या घोड्याच्या पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट, नदी ३५च्याही वर गेली होती. आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती. शेजारची आरओ मशीनं मुकी झाली आणि चार घरांचे तांबे माझ्या पाणियाऱ्यावर आले. आजव्याची नळयोजना मुळात उतारावर आखलेली, पाणी आपल्या वजनाने शहराकडे येतं. माझा फिल्टरही तसाच, वरून खाली. त्या दिवसांत मी पाणी गाळून मग खळखळून उकळत होते, कारण कँडल गाळ आणि बहुतेक जिवाणू अडवते, विषाणू नाही. हे विसरून चालणार नाही, लहान मुलं असतील तर अजिबातच नाही.

हाच फिल्टर सगळ्या बडोद्याला सुचवणार नाही. माझी नणंद सुभानपुऱ्यात राहते. तिच्याकडे मही नदीचं पाणी येतं, नदीच्या वाळूत बसवलेल्या फ्रेंच विहिरींतून काढलेलं. वाळूनेच अर्धं काम केलेलं असतं, त्यामुळे तिची कँडल महिना-महिना घासावी लागत नाही. तिला दोन कँडलचा लहान फिल्टर पुरे. मुलीच्या फ्लॅटची गोष्ट वेगळी. तिथे अजून बोअरचं पाणी, तांब्याच्या कळशीवर पांढरे ओघळ, डाळ शिजता शिजत नाही. विरघळलेल्या क्षारांना कँडल हात लावू शकत नाही, म्हणून तिला मीच आरओ घ्यायला लावला.

कँडल मी दर दिवाळीला बदलते. विकत घेताना ती पाण्यात चांगली भिजवून, बुडवून ठेवून देठातून फुंकायची. एकाच जागेतून बुडबुड्यांची माळ निघाली तर तिथे केसाएवढी चीर आहे, ती घेऊ नका. डोळ्यांना ती दिसत नाही. दुकानातले काका त्यासाठी पाण्याची बादली आपणहून पुढे करतात. गेल्या खेपेला तीनपैकी एक अशी निघाली, त्यांनी ती बाजूला ठेवली आणि चौथी भिजत घातली.