४०० की ५५० किलोमीटर? छोट्या उपग्रहाची कक्षा निवडताना

इंजिन नसलेला तीन युनिटचा क्यूबसॅट (दहा सेंटीमीटरचे तीन घन जोडून केलेला छोटा उपग्रह) अंतराळ स्थानकातून ४०० किमीवर सोडायचा, की ५५० किमीच्या सूर्यसमकालिक (प्रत्येक जागेवरून दरवेळी साधारण त्याच स्थानिक वेळेला नेणाऱ्या) कक्षेत जाणाऱ्या रॉकेटवर जागा घ्यायची?

४०० ला किरणोत्सर्ग कमी, आणि काम संपलं की उपग्रह आपसूक जळून जातो. ऑक्सिजनचे सुटे अणू मात्र समोरच्या बाजूवर सतत आदळत राहतात. उघडा कॅप्टॉन (वेष्टनाचं प्लास्टिक) झिजतो, सौर घट जोडणारी चांदीची पट्टी काळी पडून तिचे पापुद्रे सुटतात. सिलिकॉन डायऑक्साइडचा पातळ थर दिला की हे बरंचसं आटोक्यात येतं.

हवेच्या ओढीला तसा उतारा नाही. सौर वादळात वरची हवा फुगते, कक्षा खचते, फेरी लवकर संपते आणि उपग्रह टीएलईने (कक्षेचे आकडे देणाऱ्या दोन ओळींच्या नोंदीने) सांगितलेल्या वेळेआधीच उगवतो. दहा सेकंदांची चूक म्हणजे ७६ किमी. डोक्यावरून जाताना जवळपास ११ अंश. दोन मीटरच्या एस-बँड (सुमारे २ गिगाहर्ट्झच्या) डिशचा झोत जेमतेम पाच अंशांचा, म्हणजे डिश रिकामं आभाळ न्याहाळत बसते. रुंद झोताच्या यागी अँटेनावर निभावतं, पण ४३७ मेगाहर्ट्झला डॉपलरची (उपग्रहाच्या वेगामुळे सरकणाऱ्या वारंवारतेची) दुरुस्ती सुमारे दोन किलोहर्ट्झने हुकते आणि पॅकेट फुटतात. आमच्या मते निवड इथेच ठरते. (फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक इंटरनेट-उपग्रहांपैकी बहुतेक अशाच वादळाने गिळले, अर्थात ते २१० किमीवर होते.)

५५० ला हवा साधारण दहापट विरळ, त्यामुळे टीएलई जास्त दिवस टिकते. त्रास आहे तो दक्षिण अटलांटिकवरच्या प्रोटॉनांचा; तिथे पृथ्वीभोवतीचा किरणोत्सर्गाचा पट्टा खाली झुकतो. हबल अवकाश दुर्बीणसुद्धा तिथून जाताना निरीक्षणं थांबवते. मेमरीतले बिट उलटतात, कधी एखादी चिप लॅचअप होऊन (आतल्या आत शॉर्ट होऊन अडकून) भसाभस करंट ओढते. प्रत्येक पॉवर लाइनवर करंट लिमिटर, वेगळ्या ऑसिलेटरवरचा वॉचडॉग (संगणक अडकला की रीसेट करणारा टायमर) आणि एफरॅममध्ये (किरणोत्सर्गाला दाद न देणाऱ्या मेमरीत) बूट कोडच्या तीन प्रती ठेवा. त्या पट्ट्यात फ्लॅशवर काही लिहू नका. एवढं केलं तर रीसेट होतील, उपग्रह जाणार नाही.

पाच वर्षांत खाली आणायची अट असेल, तर सौर किमानाच्या (सूर्य शांत, वरची हवा विरळ असण्याच्या) काळात ५५० वरून उतरायला ओढ-पाल (हवेची ओढ वाढवणारं उलगडतं पातळ शीड) लागू शकते. तिचं वजन आधीच धरा.

मोहीम सहा महिन्यांची आणि डेटा थोडाच असेल, तर ४०० सुद्धा चालेल. मग जीपीएस वगळू नका, बीकनमध्ये (ठराविक वेळाने आपोआप जाणाऱ्या संदेशात) स्थिती पाठवत राहा. फक्त रिसीव्हर वेगमर्यादा काढलेला घ्या. साधा रिसीव्हर सेकंदाला ५१५ मीटरच्या वर गप्प बसतो.