कृत्रिम पट्टी की स्वतःच्याच शरीरातली?

ठाणे स्थानकाचा पूल चढताना, खोकताना वा हसताना लघवी निसटते, ही तक्रार अनेक जणी वयाचा भाग समजून वर्षानुवर्षे कुणालाच सांगत नाहीत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने पुरेसा फरक पडला नाही, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. स्वीडनचे डॉक्टर उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ साली मांडलेल्या पद्धतीत मूत्रमार्गाच्या मध्याखाली पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या जाळीची सुमारे १ सेंटिमीटर रुंद पट्टी ताण न देता बसवतात. छेद लहान असतो आणि घोडबंदरहून रोज मुंबई गाठणाऱ्या नोकरदार बाईला कामावर लवकर परतता येते.

दुसऱ्या पद्धतीत रुग्णाच्याच पोटाच्या स्नायूंवरील चिवट आवरणाची पट्टी वापरतात. सावरायला अधिक आठवडे लागतात, लघवी अडकून काही काळ नळी ठेवावी लागण्याची शक्यताही जास्त असते. पण कृत्रिम जाळी योनीत उघडी पडण्याचा, क्वचित मूत्रमार्गात घुसण्याचा धोका येथे नसतो, आणि तो मी किरकोळ मानत नाही, कारण रुतलेली पट्टी पूर्णपणे काढणे अवघड असते. अमेरिकेने २०१९ मध्ये विक्री थांबवली ती अंग बाहेर येण्यावर (गर्भाशय वा मूत्राशय योनीत खाली उतरण्यावर) योनीमार्गे बसवायच्या जाळीची, या पट्टीची नव्हे. ही गल्लत सर्रास होते.