पोलो जीटी टीडीआय, १४ महिने, १९ हजार किलोमीटर : मॉडिफाइड घेतली, आता एकेक भाग परत स्टॉक करतोय

काल संध्याकाळी माझ्या पोलोला मूळ मापाच्या स्प्रिंगा परत बसल्या. गाडी दीड इंचाच्या आसपास वर आली. गॅरेजमधून साताऱ्यातल्या शाहूपुरीला घरी येताना आमच्या गल्लीच्या तोंडाचा स्पीडब्रेकर लागला आणि गाडी खाली न घासता सरळ पार झाली. १४ महिन्यांत पहिल्यांदाच. घरी येऊन चहासुद्धा घेतला नाही, आधी हे लिहायचं ठरवलं. सेकंडहँड जीटी शोधणारे बरेच जण आज त्याच जागी उभे असतील जिथं मी तेव्हा होतो: एकीकडे साधी स्टॉक, म्हणजे कंपनीतून निघाली तशीच गाडी, दुसरीकडे तेवढ्याच पैशात "सगळं केलेली" गाडी.

माझी २०१५ ची जीटी टीडीआय, म्हणजे फोक्सवॅगन पोलोचं जोरकस डिझेल मॉडेल. आकडे सांगायचे तर ताकद १०५ पीएस, टॉर्क म्हणजे ओढ २५० एनएम, पाच गिअर. पोलो २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे हवी असेल तर जुनीच बघावी लागते आणि चांगली सापडायला वेळ लागतो. मी चार महिने शोधत होतो. शेवटी दोन गाड्या उरल्या.

पहिली कराडची, एमएच ५०, एका डॉक्टरांची. पूर्ण स्टॉक. सर्व्हिसचं पुस्तक पहिल्या शिक्क्यापासून भरलेलं, टायर मात्र संपत आलेले. किंमत ४ लाख ९५ हजार, एक रुपया कमी करायला तयार नव्हते. दुसरी पुण्याची. ईसीयू रिमॅप (म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवलेली), लोअरिंग स्प्रिंगा (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा), १७ इंची अलॉय, मोकळा एक्झॉस्ट, उघडा एअर फिल्टर. किंमत ४ लाख ८० हजार. मालकाने बिलांची फाइल समोर ठेवली, सगळ्या कामाचे मिळून १ लाख ६० हजार. मी मनात हिशेब केला की गाडी १५ हजारांनी स्वस्त आणि वर १ लाख ६० हजारांचं काम फुकट. हा हिशेब साफ चुकीचा होता. कसा, ते पुढं येईलच.

सोबत आमचे मिस्त्री होते. त्यांनी बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं आणि मालकाला एकच प्रश्न विचारला, "साहेब, काढलेलं मूळ सामान कुठंय?" मालक म्हणाले, गावाला आहे, पाठवून देतो. परत येताना मिस्त्री मला म्हणाले, "दादा, कराडची घ्या." मी ऐकलं नाही. दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा मालकांनी सांगितलं की स्प्रिंगा, सायलेन्सर, फिल्टरची पेटी, सगळं भंगारात गेलं.

रिमॅपबद्दल मात्र प्रामाणिकपणे लिहितो, कारण ती गोष्ट खरोखर सुंदर होती. स्टॉक जीटी टीडीआय १,८०० आरपीएमच्या खाली जरा झोपलेली असते. घाटाच्या वळणावर दुसऱ्या गिअरला यावंच लागतं. मॅप केलेली माझी गाडी तिसऱ्यातच वळण काढायची आणि बाहेर पडताना पाठीला जो धक्का द्यायची, तो मी विसरणार नाही. पहाटे साडेपाचला बोगद्याजवळून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर कासच्या रस्त्याला धुक्यात काच खाली करायची. पहिले तीन महिने मी जवळजवळ दर रविवारी हेच केलं. त्या दिवसांत कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून सांगितलं असतं, मॉडिफाइडच घ्या.

आता स्पीडब्रेकर. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण रोजच्या रोज मला याच गोष्टीनं छळलं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे चढ-उतार सावकाश होतो. आमच्या गल्लीचा हातभर रुंद आहे, डांबराचा उंचवटा नुसता. पोलोचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी जागा, १६८ मिलिमीटर. लोअरिंगने ३५ गेले, उरले १३३. त्यात चार माणसं बसली की आणखी खाली. पहिल्याच आठवड्यात "खर्रर्र" असा आवाज आला आणि पोटात गोळा उठला. खाली वाकून बघितलं तर इंजिनखालच्या प्लास्टिकच्या कव्हरवर बोटभर खोल चर. त्या कव्हरच्या वर ऑइलचं चेंबर असतं. ते फुटलं आणि ऑइल गेलेलं लक्षात आलं नाही तर इंजिनच बसतं.

मग सवयी लागल्या. ब्रेकर तिरका घ्यायचा, एक चाक आधी, दुसरं नंतर. मागच्याने हॉर्न मारला तरी घाई करायची नाही. राजवाड्याकडं जायचं तर कुठल्या गल्लीत ब्रेकर कमी, त्यावर रस्ता ठरायचा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या ब्रेकरच्या अलीकडे उतरून चालत पलीकडे जायच्या, गाडी हलकी व्हावी म्हणून. आणि आप्पा, माझे वडील, पुढच्या सीटवर बसले की प्रत्येक ब्रेकरला दोन्ही पाय उचलून धरायचे. त्यांनी एका शब्दानं कधी तक्रार केली नाही. पण ७४ वर्षांचा माणूस मुलाच्या गाडीचं पोट घासू नये म्हणून पाय वर धरतो, हे मला दर वेळी लागायचं.

लोअरिंगचं दुसरं दुखणं दिसत नाही. स्प्रिंग आखूड, पण शॉकॲब्सॉर्बर मूळचेच. ते सतत शेवटच्या टप्प्यावर काम करतात आणि लवकर मरतात. चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभा कल, बदलतो, टायर आतल्या कडेनं झिजतात. बाहेरून नक्षी छान दिसत होती. स्टिअरिंग पूर्ण वळवून आत हात घातला तेव्हा आतल्या कडेला तारा बोटाला टोचल्या. टायरही २०५/४० आर १७. मूळ १८५/६० आर १५ च्या टायरची भिंत १११ मिलिमीटर असते, याची फक्त ८२. वाढे फाट्याजवळच्या एका खड्ड्यात पुढच्या टायरला लिंबाएवढा फुगा आला. तो टायर गेला, जोडीचा आतून झिजलेला म्हणून तोही गेला.

सहाव्या महिन्यात क्लच. पुण्याहून येत होतो, गाडीत आम्ही पाच जण आणि सामान. खंबाटकी चढताना चौथ्या गिअरमध्ये पुढच्या ट्रकला ओलांडायला ॲक्सिलरेटर दाबला. आरपीएमचा काटा २,००० वरून ३,००० वर गेला, वेग तिथंच. दोन वळणांनंतर जळका वास आत आला. कडेला घेतली, बॉनेट उघडून थांबलो. परत निघालो तर गाडी तिसऱ्यातही ओढेना. टोइंग करून साताऱ्याला आणली.

हे समजून घ्या, कारण गाडी बघायला जाल तेव्हा उपयोगी पडेल. विकणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे मॅपने टॉर्क ३२० एनएमपर्यंत नेला होता. कंपनीचा क्लच २५० च्या इंजिनसाठी बेतलेला असतो, वर थोडी सवड. झिजलेला क्लच पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पटकन कळत नाही. तो घसरतो वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, चढाला, जिथं टर्बो पूर्ण जोर लावतो आणि गाडी पुढं सरायला वेळ घेते. टेस्ट ड्राइव्हला चौथ्या गिअरमध्ये १,६०० ते १,८०० आरपीएमवर सपाट मोकळ्या रस्त्याला पूर्ण दाबा. काटा वेगाच्या पुढं पळाला की क्लच गेलाच समजा. मी पुण्यात २० मिनिटं चालवली, सगळी दुसऱ्या-तिसऱ्यात, गर्दीत. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी मिळून ३१ हजार.

याच सुमारास सर्व्हिस सेंटरशी भांडण झालं. पुढच्या डाव्या चाकाकडून वळताना टकटक आवाज यायचा. सल्लागारानं गाडी लिफ्टवर घेतली, स्प्रिंगा बघितल्या आणि लगेच हात झटकले. "सर, ही गाडी स्टॉक नाही. आधी सगळं सस्पेन्शन मूळचं करा, मग आवाज शोधू." हातात ६८ हजारांचं एस्टिमेट. तपासणीचे पैसे वेगळे. मी तिथं आवाज चढवला, व्यवस्थापकांपर्यंत गेलो, काही उपयोग झाला नाही. एमआयडीसीतल्या आमच्या मिस्त्रींनी अर्ध्या तासात शोधून काढलं, सस्पेन्शनमधली स्टॅबिलायझरची लिंक, एक छोटा जोडदांडा, सैल. मजुरीसकट १,९०० रुपये. त्या दिवशी मी सर्व्हिस सेंटरला लुटारू म्हणालो होतो.

आज तसं म्हणणार नाही. कारण चार महिन्यांनी तीच नवी लिंक पुन्हा वाजायला लागली. मिस्त्री म्हणाले, गाडी खाली बसवल्यामुळे लिंकचा कोन बदललाय, कितीही बदला, ती खाणारच. म्हणजे ६८ हजार मागणं अवाजवी होतं, पण "ही गाडी स्टॉक नाही" हे वाक्य खरं होतं. स्टॉक गाडीत आवाज आला तर तो बिघाड असतो, कारण ती गाडी मुळात कशी असते हे प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असतं. माझ्या गाडीत आवाज आला की आधी प्रश्न पडायचा, हा बिघाड आहे की आधीच्या मालकानं केलेल्या कशाचा तरी स्वभाव आहे? डिझेल जास्त लागतंय ते मॅपमुळे की इंजेक्टरमुळे? चढाला काळा धूर येतो तो मॅपमुळे की फिल्टरमुळे? मॅप कुणी लिहिला हे बिलावर नीट नव्हतं, इंजिनच्या मूळ प्रोग्रॅमची फाइल कुणी जपून ठेवली नव्हती. मी पैसे मोजून दुसऱ्याचे निर्णय विकत घेतले होते आणि ते का घेतले हे सांगायला तो माणूस माझ्या सोबत नव्हता.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए मध्ये मालकाला एका बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मला पोवई नाक्यावर एकदा थांबवलं ते एक्झॉस्टच्या आवाजामुळे. समज देऊन सोडलं. पण खरी झोप उडाली ती विमा बदलताना. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. त्या कागदांत बदलांबद्दल विचारलेलं असतं. खरं लिहिलं तर अडचण, लपवलं तर उद्या अपघाताचा दावा अडकण्याची भीती. घरची सगळी माणसं ज्या गाडीत बसतात तिच्याबद्दल खोटं लिहायला माझा हात धजला नाही. पुढं परत स्टॉक करायचं मनानं घेतलं, त्यात याचाही वाटा होता.

स्प्रिंगा शोधायला पाच महिने गेले. नवा सेट आणि शॉकॲब्सॉर्बर मिळून महाग पडत होतं. शेवटी कोल्हापुरात अपघातात गेलेल्या एका जीटीच्या चारही स्प्रिंगा चांगल्या अवस्थेत ७ हजारांत मिळाल्या, शॉकॲब्सॉर्बर नवे घेतले. १५ इंची मूळ चाकं आधीच बसवली होती. मॅप गेल्या महिन्यात काढला, पुण्यातल्या एका ट्यूनरनं स्टॉक फाइल टाकली. क्लच, टायर, लिंका, स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, चाकं, फाइल, सगळं धरून आतापर्यंत १ लाख १८ हजार. फुकटात मिळालेलं १ लाख ६० हजारांचं काम काढायला एवढे लागले. कराडची घेऊन चार टायर टाकले असते तर आज तेवढीच गाडी दारात असती.

स्टॉक मॅपवर पहिले दोन दिवस मी उदास होतो, गाडीतलं कुणीतरी निघून गेल्यासारखं वाटलं. मग आज सकाळी नव्या स्प्रिंगांवर यवतेश्वरला गेलो आणि मत परत बदललं. पावसानं उखडलेल्या वळणावर पूर्वी गाडी उडी मारून बाहेर सरकायची, मी आपोआप पाय काढायचो. आज चाक खड्ड्यात उतरलं, वर आलं, गाडी रेषेत राहिली. ताकद कमी असून वळणातून मी आधीपेक्षा जोरात बाहेर पडलो. २०१५ साली चाकणहून निघाली तेव्हा ही गाडी अशी होती, हे मला १४ महिने माहीतच नव्हतं.

रिमॅपची हौस ज्यांना आहे त्यांना मी नको म्हणणार नाही, मला ती अजूनही कळते. पण स्टॉक गाडी घ्या, सहा महिने चालवा, मग ओळखीच्या माणसाकडून करून घ्या, क्लच आधी बघा, मूळ फाइल स्वतःजवळ ठेवा आणि काढलेला प्रत्येक नट-बोल्ट माळ्यावर बांधून ठेवा. तयार मॉडिफाइड बघायला गेलात तर आमच्या मिस्त्रींचा प्रश्न पहिला विचारा. सामान तिथल्या तिथं डिकीत दिसलं तरच पुढचं बोला.

आज दुपारी आप्पांना दवाखान्यात घेऊन गेलो. ब्रेकर आला तसे त्यांनी सवयीनं पाय उचलले. मी म्हणालो, "आप्पा, राहू द्या, आता लागत नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलं, गाडी पलीकडे गेली, मग पाय खाली ठेवले.

एक काम राहिलंय. एक्झॉस्ट अजून तोच आहे. २०१४-१५ च्या जीटी टीडीआयचा मूळ सायलेन्सर मधल्या पाइपसकट कुणाकडे पडला असेल तर सांगा, न गंजलेला हवा. सातारा, कराड, सांगलीपर्यंत मी स्वतः येऊन घेऊन जाईन.