वचनांची पाने की प्रसंगांची चित्रे? प्रौढांसाठी ख्रिस्ती कलरिंग बुक निवडताना

प्रौढांसाठीच्या ख्रिस्ती कलरिंग बुकांचे ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात. पहिल्या प्रकारात बायबलमधील एखादे वचन मोठ्या, पोकळ अक्षरांत मांडून त्याभोवती वेलबुट्टी काढलेली असते. दुसऱ्यात येशूच्या जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतचे प्रसंग, संतांच्या आकृती किंवा चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांच्या धर्तीवरची चित्रे असतात. दोन्हींपैकी कोणता चांगला, याचे सरसकट उत्तर देता येत नाही, कारण नाशिकमधील शरणपूरच्या प्रॉटेस्टंट घरातील महाविद्यालयीन मुलीला जे पुस्तक आवडेल, ते नाशिकरोडच्या बाळ येशू चर्चमध्ये नेमाने जाणाऱ्या सत्तरीच्या आजींना उपयोगी पडेलच असे नाही.

वचनांच्या पुस्तकांची खरी जमेची बाजू म्हणजे एकेक अक्षर सावकाश रंगवताना वचन आपोआप पाठ होते. मात्र बाजारात मिळणारी अशी पुस्तके बहुतांशी इंग्रजीत असतात, आणि ज्यांचे वाचन आणि प्रार्थना आयुष्यभर मराठी बायबलमधून झाली आहे त्यांच्यासाठी ती अक्षरे केवळ नक्षी होऊन बसतात. शिवाय या प्रकारात मोकळ्या जागेचे वावडे असल्यासारखी बारीक पाने-फुले खच्चून भरलेली असतात. मोतीबिंदू असलेल्या किंवा हात थरथरणाऱ्या व्यक्तीला त्यातून आनंदापेक्षा त्रासच अधिक होतो. इंग्रजी सहज वाचणाऱ्या, बारीक काम आवडणाऱ्या तरुण व्यक्तीसाठीच हा प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रसंगचित्रांना भाषेची अडचण नसते. त्यातही काचखिडकीच्या धर्तीची चित्रे ज्येष्ठांना सर्वांत सोयीची, कारण त्यांच्या रेषा जाड आणि कप्पे मोठे असतात आणि रंग रेषेबाहेर थोडा गेला तरी चित्र बिघडत नाही. उणीव आहे ती चित्रणाची: निळ्या डोळ्यांची मरिया आणि बर्फाने झाकलेले बेथलेहेम अनेक पुस्तकांत असते. पण रंग आपल्याच हातात असल्यामुळे कांती गव्हाळ आणि पदर हवा तसा करता येतो. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या आश्रमात राहून काम केलेले चित्रकार अँजेलो दा फोन्सेका (1902–1967) यांनी मरियेला साडीत रंगवलेच होते. तेव्हा यात वावगे काही नाही. पंथाचा विचार मात्र खरेदीपूर्वीच करावा. रोझरीची रहस्ये (जपमाळेच्या प्रार्थनेत आठवले जाणारे येशू आणि मरियेच्या जीवनातील प्रसंग) आणि संतांची चित्रे असलेले पुस्तक कॅथलिक घरात आदराने उघडले जाते, तर काही प्रॉटेस्टंट घरांत ते तसेच पडून राहते.

काही पुस्तकांत क्रूस किंवा कबुतर मध्यभागी ठेवून भोवती वर्तुळाकार मंडल रचलेले असते. 2005 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मंडल किंवा चौकटींची ठरीव नक्षी रंगवणाऱ्या विद्यार्थ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर रंगवणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाल्याचे दिसले होते. मंडलाचे मूळ आपल्या श्रद्धेबाहेरचे आहे म्हणून ज्यांना संकोच वाटतो, त्यांनी चर्चच्या गुलाबखिडकीचे, म्हणजे पाकळ्यांसारखे कप्पे असलेल्या गोल काचखिडकीचे चित्र घ्यावे. तिची रचना जवळजवळ तशीच असते.

विषयाइतकेच लक्ष कागदाकडे द्यावे, आणि नेमके हेच ऑनलाइन खरेदीत राहून जाते. झेरॉक्सचा नेहमीचा कागद 70 ते 80 जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) असतो. कलरिंग बुकाचा कागद त्याच जातीचा असेल तर रंगीत पेन्सिलीखेरीज दुसरे काही वापरू नये. स्केचपेन वापरायचे असतील तर कागद निदान 120 जीएसएमचा आणि चित्र पानाच्या एकाच बाजूला छापलेले असावे. अल्कोहोल मार्करचा रंग मात्र जाड कागदातूनही मागे उतरतो. पानाखाली कोरा पुठ्ठा ठेवणे एवढाच त्यावर इलाज आहे. स्पायरल बांधणीचे पुस्तक टेबलावर सपाट राहते, त्यामुळे ज्येष्ठांसाठी थोडे जास्त पैसे पडले तरी तेच घ्यावे.

मराठी वचने हवी असणाऱ्यांना तयार पुस्तकापेक्षा घरी केलेली पाने अधिक समाधान देतात. संगणकावर पोकळ देवनागरी अक्षरांत ओळ मांडून ती 160 जीएसएमच्या कागदावर छापून घेता येते. छपाई लेझर प्रिंटरवर करावी, कारण बहुतेक इंकजेटची शाई पाण्याच्या स्केचपेनने पसरते. ओळ कोणाची घ्यावी, याबाबत नाशिककरांना दूर जाण्याची गरज नाही. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 साली वारले आणि त्यांच्या पत्नी, लेखिका लक्ष्मीबाई 1936 साली नाशिकमध्ये. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून टिळकांचे अभंग महिला मंडळासाठी छापायला कोणाची परवानगी लागत नाही. विकत घेतलेल्या कलरिंग बुकाच्या पीडीएफच्या प्रती सगळ्या मंडळाला वाटणे मात्र बहुधा परवान्यात बसत नाही. तो आधी वाचावा.

वापराच्या बाबतीत चर्चच्या वर्षाचा आधार घेतला तर पुस्तक अर्धवट पडून राहत नाही. आगमनकाळात (नाताळापूर्वीच्या तयारीच्या दिवसांत) आणि उपवासकाळात (ईस्टरपूर्वीच्या दिवसांत) जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा किंवा सोनेरी, पेन्टेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला) लाल आणि सामान्य काळात हिरवा, ही वेदीवरच्या वस्त्रांची रंगसंगती पानावरही मुख्य रंग म्हणून घेता येते. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत रविवार वगळता 40 दिवस होतात. एवढ्या काळात रोज एक पान पुरे करण्याचा हट्ट धरू नये, आठवड्याला एक पान पुष्कळ झाले. प्रार्थनासभेत एकाने उतारा वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकत रंगवावे, ही पद्धत प्रसंगचित्रांना चांगली जमते. वचनांच्या पानांना ती जमत नाही, कारण कानावर एक ओळ आणि डोळ्यांपुढे दुसरी, असे होऊन दोन्हींवरचे लक्ष उडते. ती पाने एकट्याने, घरी रंगवावीत.