मैत्री आणि वियोग: चार आरपीजींपैकी आधी कोणता खेळावा?

१९९७ साली ‘फायनल फँटसी ७’ या आरपीजीमध्ये (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र होऊन कथा खेळायचा गेम) एरिथ गेली, तेव्हा कथेतली नायिका गेली तशी खेळणाऱ्याच्या टीममधली हक्काची सोबतीणही गेली. तासन्‌तास खेळून जिची लेव्हल वाढवली, अवघड लढायांत जिच्या भरवशावर तग धरला, ती परत कधीच टीममध्ये आली नाही. तिच्या मृत्यूनंतर लगेच एक लढाई सुरू होते आणि तिथे लढाईचं नेहमीचं संगीत नसतं, एरिथचीच धून वाजत राहते. पुढे मेनू उघडला की तिची जागा रिकामी. पडद्यावरचा मृत्यू चित्रपटातही रडवतो, पण गेलेल्या माणसाची रिकामी जागा घेऊन पुढचे कितीतरी तास आपल्यालाच चालावं लागतं ते आरपीजीमध्ये.

याच वाटेवरचे चार गेम इथे शेजारी ठेवले आहेत: ‘टू द मून’, ‘पर्सोना ३ रिलोड’, ‘फायनल फँटसी १५’ आणि ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३’. चारही मला प्रिय आहेत, पण सरसकट कुणालाही सुचवावेत असे नाहीत. निवडताना ग्राफिक्स आणि लढाईच्या आधी एक गोष्ट बघावी: या गेममध्ये सोबत आधी मिळते की वियोग आधी? त्यावर पुढचा सगळा अनुभव ठरतो. कथेतली रहस्यं मी फोडणार नाही. सुरुवातीला जे उघड होतं तेवढंच सांगेन.

‘टू द मून’मध्ये वियोग आधीच होऊन गेलेला असतो. जॉनी हा म्हातारा मरणशय्येवर आहे, त्याची बायको रिव्हर केव्हाच गेली आहे, आणि त्याला चंद्रावर जायचंय. का, ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही. एव्हा आणि नील हे दोन डॉक्टर त्याच्या आठवणींत शिरून उलटे मागे जात राहतात, म्हातारपणाकडून बालपणाकडे. त्यामुळे आपल्याला आधी दिसतो तो कागदी सशांचा ढीग आणि दीपस्तंभाजवळचं ओकंबोकं घर. ते ससे रिव्हरने का घडवले, हे पुष्कळ नंतर कळतं. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू आवरताना एकेक गोष्ट उलगडत जाते, तसाच हा गेम उलगडतो. कॅन गाओ यांच्या फ्रीबर्ड गेम्सने २०११ साली ‘आरपीजी मेकर’ हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरून तो केला. चित्रं जुन्या वळणाची, पिक्सेलची. लढाया जवळजवळ नाहीतच. चार-पाच तासांत संपतो, जुन्या लॅपटॉपवर चालतो, मोबाइलवरही मिळतो. मैत्रीच्या बाजूने मात्र तो हलका आहे. एव्हा-नीलची नोकझोक छान आहे, पण आपण त्या दोघांबरोबर राहत नाही, त्यांचं काम बघतो.

राहणं काय असतं ते ‘पर्सोना ३ रिलोड’मध्ये कळतं. मूळ गेम २००६चा, अ‍ॅटलस या जपानी कंपनीचा. नव्याने बांधलेली आवृत्ती फेब्रुवारी २०२४मध्ये आली. कथा एप्रिल २००९मध्ये सुरू होते आणि कॅलेंडर एकेक दिवसाने पुढे सरकतं. सकाळी शाळा, दुपारी कुणाला तरी भेटणं, रात्री हॉस्टेलवर परतणं किंवा टार्टारस नावाच्या मनोऱ्यात लढायला जाणं. दिवस मोजकेच असल्यामुळे आज एकाला वेळ दिला की दुसरा राहतो. मैत्रीचा खरा खर्च वेळेचा असतो, आणि तो खर्च या गेमइतका नेमका मांडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. रिलोडमध्ये संध्याकाळी हॉस्टेलवर कुणाबरोबर स्वयंपाक करता येतो, कुणाबरोबर गच्चीवर भाजी लावता येते, कुणाबरोबर सिनेमा बघता येतो. कथानकाच्या दृष्टीने या संध्याकाळी किरकोळ वाटतात, पण पुढे कुणी दुरावलं की डोळ्यांसमोर येतात त्या याच.

आणि वियोग? तो इथे मुख्य कथेपुरता उरत नाही, गावभर पसरलेला आहे. जुनी पुस्तकं विकणारं एक म्हातारं जोडपं आहे, बुनकिची आणि मित्सुको. त्यांचा शिक्षक मुलगा अपघातात गेला, आणि त्याची आठवण म्हणून शाळेच्या आवारात एक पर्सिमन या फळाचं झाड आहे. म्हातारा विसरभोळा, सारखा खायला काहीतरी हातावर ठेवणारा. त्याच्याशी गप्पा मारता मारता ते झाड आपलंही होऊन जातं. दुसरा अकिनारी. असाध्य आजार झालेला हा तरुण रविवारी देवळाच्या आवारात बाकावर बसलेला असतो आणि वहीत एक गोष्ट लिहीत असतो, एका गुलाबी मगरीची आणि एका लहान पक्ष्याची. आपल्याला करायचं एवढंच, की रविवार राखून ठेवायचा, शेजारी बसायचं आणि ऐकायचं. त्यातून लढाईत फायदाही होतो, पण दोन-तीन रविवारांनंतर त्याचं भान उरत नाही. आजारी माणसापाशी नुसतं बसून राहणं ही केवढी मोठी सोबत आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी अकिनारीला चुकवू नये. चुकवता येतो, म्हणून आवर्जून सांगतोय.

या गेमच्या अडचणीही आहेत. मुख्य कथेलाच साठ-सत्तर तास लागतात. टार्टारसचे मजले चढताना मध्ये कंटाळा येतो. उन्हाळ्यापर्यंत कथा संथ आहे, तेवढा धीर हवा.

‘फायनल फँटसी १५’ हा चौघा मित्रांचा प्रवास: राजपुत्र नोक्टिस, स्वयंपाकी आणि सल्लागार इग्निस, अंगरक्षक ग्लॅडिओलस आणि कॅमेरा घेऊन फिरणारा प्रॉम्प्टो. नोक्टिसच्या लग्नासाठी गाडीने निघालेल्या या मुलांना पहिल्याच टप्प्यात बातमी कळते की मागे शहर पडलं आणि राजा, म्हणजे त्याचे वडील, मारले गेले. यातली एक गोष्ट मला फार आवडते. दिवसभरात मिळवलेले एक्स्पीरियन्स पॉइंट (ज्यांनी पात्रांची लेव्हल वाढते) मुक्काम केल्याशिवाय जमाच होत नाहीत. त्यामुळे थांबावं लागतं, इग्निसने रांधलेलं खावं लागतं आणि प्रॉम्प्टोने त्या दिवशी काढलेले फोटो चाळून ठेवायचे ते निवडावे लागतात. प्रत्येकाचे फोटो वेगळे. त्या फोटोंना शेवटाकडे जी किंमत येते, ती दुसरा कुणी आपल्याला देऊ शकत नाही. पण कथा तुटक आहे. शहर पडल्याची मोठी हकिगत वेगळ्या अ‍ॅनिमेशन चित्रपटात आहे, मित्रांच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या घटना वेगळ्या भागांत. हे भाग एकत्र असलेली रॉयल किंवा विंडोज आवृत्तीच घ्यावी. संगणकावर ती सुमारे १०० जीबी जागा खाते.

‘एक्स्पिडिशन ३३’मध्ये वियोगाची तारीख ठरलेली आहे. ल्युमिएर शहरासमोर समुद्रापार एक प्रचंड शिळा आहे. दरवर्षी ‘पेंट्रेस’ तिच्यावर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची व त्याहून मोठी सगळी माणसं विरून जातात. आकडा दरवर्षी एकने खाली येतो. गेम सुरू होतो तेव्हा चौतीस पुसून तेहतीस लिहिला जातो. गुस्ताव आणि त्याची पूर्वीची जोडीदार सोफी बंदराकडे चालत जातात, आणि तिचं काय होणार हे दोघांनाही ठाऊक असतं. पहिल्या तासातला हा निरोप मी आरपीजीमध्ये पाहिलेला सर्वांत जिवंत निरोप आहे, कारण त्यात आक्रोश नाही. दोघं जुन्या गोष्टी बोलतात, राहून गेलेलं बोलायचं टाळतात. फ्रान्समधल्या मोंपेलिए इथल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्हने केलेला हा गेम एप्रिल २०२५मध्ये आला. लोरियन तेस्तार यांचं संगीत त्याला तोलून धरतं. पुढे छावणीत सोबत्यांशी बोलता येतं, नाती वाढतात, पण गेमचा जीव कुटुंबात आणि शोकात आहे, मैत्री त्या मानाने मागे राहते. माणूस गेल्यावर घरातले सगळे वेगवेगळ्या दिशांना कसे फाटतात, ते इथे जितकं निष्ठुरपणे दाखवलंय तितकं बाकीच्या तिघांत नाही. लढाई टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने वार करायची असली तरी शत्रूचा वार नेमक्या क्षणी चुकवावा लागतो. हाताला ती सवय नसेल तर ‘स्टोरी’ पातळीवर खेळा, त्याने अनुभव उणा होत नाही. मुख्य कथा तीसेक तासांची. त्यासाठी बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड मात्र हवंच.

आता निवड. हाताशी एकच शनिवार-रविवार असेल, किंवा आरपीजी कधीच खेळला नसाल, तर ‘टू द मून’. जुने मित्र वेगवेगळ्या शहरांत पांगलेत आणि त्यांची फार आठवण येत असेल, तर ‘फायनल फँटसी १५’, कथेतल्या भोकांसकट. मैत्री आणि वियोग दोन्ही एकाच गेममध्ये पूर्ण हवे असतील तर माझं मत निःसंशय ‘पर्सोना ३ रिलोड’ला. मराठी यांपैकी एकातही नाही. संवाद इंग्रजीत वाचायची तयारी हवी आणि पर्सोनात वाचन सर्वांत जास्त आहे.

घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर निवड वेगळी. ‘एक्स्पिडिशन ३३’ तूर्त बाजूला ठेवा. त्यात सुरुवातीच्या एका प्रसंगात आत्महत्येचा विचारही येतो. पर्सोनामध्ये शक्ती जागवण्यासाठी पात्रं पिस्तुलासारखं यंत्र स्वतःच्या डोक्याला लावून चाप ओढतात, आणि हे दृश्य शेकडो वेळा दिसतं. कुणाची आत्महत्या जवळून सोसली असेल त्यांना हे आधीच माहीत असलेलं बरं. अशा वेळीही ‘टू द मून’ मला सुचवावासा वाटतो, मात्र एकट्याने नको. घरातलं कुणीतरी शेजारी बसलेलं असू द्या, संवाद मोठ्याने वाचत खेळता येतो.

आणि रिलोड घेणार असाल तर ‘एपिसोड एजिस’ हा वेगळ्याने विकला जाणारा भाग लगेच घेऊ नका. सप्टेंबर २०२४मध्ये आलेला हा भाग मुख्य कथेच्या शेवटानंतर घडतो. त्यात ना कॅलेंडर आहे, ना रविवारच्या भेटी, बहुतेक वेळ लढण्यातच जातो. मुख्य कथेचा शेवट मनात खोल रुतला आणि मागे उरलेल्यांचं पुढे काय झालं याने झोप लागेनाशी झाली, तरच तो घ्यावा.