चेंबरची मेंबरशिप घ्यावी का? वर्षभर वापरून पाहिल्यावर

आधी माझा धंदा सांगते, म्हणजे हे कोण लिहितंय ते कळेल. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी, एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये माझं चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि भाजणीचं युनिट आहे. दहा-बारा बायका कामाला, दिवाळीच्या आधी दुप्पट. २०२५ च्या सुरुवातीला मी जिल्ह्याच्या चेंबर ऑफ कॉमर्सची, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संस्थेची, सभासद झाले. वार्षिक वर्गणी साडेचार हजार, पहिल्या वर्षी प्रवेश शुल्क वेगळं, वर जीएसटी. चेंबरचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा कुठल्याही जिल्ह्याच्या चेंबरला लागू पडाव्यात.

"ओळखी वाढतील" असं सांगून मला सभासद करून घेतलं होतं. ओळखी वाढल्या, पण त्यांतून एक किलो चिवडा जास्त खपला नाही. 'खरेदीदार-विक्रेता मेळावा' म्हणतात त्यात मला भेटलेले निम्मे लोक विमा विकणारे होते आणि उरलेले माझ्यासारखेच, खरेदीदार शोधणारे. त्यासाठी कोणी वर्गणी भरणार असेल तर भरू नये. वर्गणी वसूल होते ती चेंबरच्या ऑफिसात, सचिव बसतात त्या टेबलापाशी. आमच्या सचिवांना सगळे काका म्हणतात. कुठला अर्ज कुठल्या खिडकीत अडकतो हे त्यांना तोंडपाठ आहे.

सगळ्यात मोठा फायदा उधारीच्या बाबतीत झाला. एका सुपरमार्केट साखळीला मी माल देते. मुदत ४५ दिवसांची, पैसे यायला चार-चार महिने. फोन केला की "मॅडम, बिल प्रोसेसमध्ये आहे" हे ठरलेलं उत्तर. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांहून जास्त मुदत लावता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. सरकारच्या 'समाधान' पोर्टलवर तक्रारही करता येते. हे सगळं मी ऐकून होते, पण तक्रार केली की गिऱ्हाईक गेलं, ही भीती कुठल्याही कायद्यानं जात नाही.

काकांनी वेगळा मार्ग काढला. त्याच साखळीला माल देणारे आणखी काही सभासद शोधले आणि चेंबरच्या लेटरहेडवर एक पत्र तयार केलं. त्यात पुरवठादारांपैकी कोणाचंच नाव नाही आणि पत्र खरेदी विभागाला न जाता थेट अकाउंट्स विभागाला. व्याजाची धमकीही नाही. फक्त तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) कलमाची आठवण. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालेलं हे कलम सांगत होतं की सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचं बिल मुदत उलटून ३१ मार्चलाही थकीतच असेल, तर खरेदीदाराला त्या खर्चाची करातली वजावट त्या वर्षी मिळत नाही, पैसे प्रत्यक्ष देतील त्या वर्षीच मिळते. पत्र गेलं मार्चच्या सुरुवातीला. महिना संपायच्या आत जुनी बिलं जमा झाली. त्यानंतरच्या ऑर्डरी जरा आखडत्या आल्या, हेही लिहायला हवं. पण अडकलेलं खेळतं भांडवल मोकळं झालं, आणि ओव्हरड्राफ्टचं व्याज मी भरते, साखळी नाही.

उद्यमची, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी, नोंदणी फुकट आहे, तो नंबर प्रत्येक बिलावर छापा, हेही काकांनीच सांगितलं. माझ्या दिरांचं किराणा मालाचं होलसेल दुकान आहे. त्यांनी हे ऐकून लगेच उद्यम काढायची तयारी केली, तर काकांनी थांबवून स्पष्ट सांगितलं: व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम मिळतं ते बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरतं, उशिराच्या पैशांचं संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांनाच. दीर नाराज झाले. आमच्या चेंबरमध्ये निम्म्याहून जास्त सभासद व्यापारी आहेत, त्यामुळे हा विषय निघाला की सभेत दोन तट पडतात.

दुसरा प्रसंग सप्टेंबरमधला. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि २२ तारखेपासून नवे दर लागू होणार असं जाहीर झालं. पॅकबंद नमकीन १२ वरून ५ टक्के, पुठ्ठ्याचे खोके १२ वरून ५, पण पाऊचच्या फिल्मवर १८ टक्के तसेच. माझ्याकडे जुनी एमआरपी छापलेले पाऊच रोलच्या रोल पडून, दिवाळी महिन्यावर आलेली. चेंबरनं लगेच एक बैठक ठेवली. एक सीए आणि वैधमापन (वजन-मापं आणि छापील किंमत तपासणाऱ्या) खात्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी आले होते. भाषण कमी, प्रश्नोत्तरं जास्त. असा कार्यक्रम आमच्याकडे दुर्मीळ.

खरी मदत झाली ती त्यानंतरच्या आठवड्यात. आधीच्या केंद्रीय सूचनेत जुन्या मालावर बदललेल्या किमतीचं स्टिकर लावायचं असेल तर वर्तमानपत्रांत जाहिरात द्या असं होतं. १८ सप्टेंबरला ती अट काढली, स्टिकर ऐच्छिक झालं आणि उरलेलं छापील पॅकिंग ३१ मार्च २०२६ पर्यंत वापरायची मुभा मिळाली. त्याच रात्री काकांचा मराठीत चार ओळींचा मेसेज आला. सकाळी मी स्टिकरवाल्याला ऑर्डर देणार होते. वर्गणीच्या कितीतरी पट खर्च तिथेच वाचला.

त्याच बैठकीत मी फिल्मवरच्या १८ टक्क्यांचा विषय काढला. कच्च्या मालावर कर जास्त आणि तयार मालावर कमी असेल तर परतावा मिळतो ना? सीएंनी फळ्यावर हिशेब मांडला आणि म्हणाले, ताई, तुमचा मुख्य खर्च पोहे, दाणे आणि तेल. फिल्मचा वाटा लहान. परताव्याच्या सूत्रात बसवलं तर परतावा निघणार नाही, अर्जाच्या मागे लागू नका. पैसे घेऊन अर्ज भरून देणारा सल्लागार हे उत्तर देईल का, मला शंका आहे.

निर्यातीचं थोडक्यात. मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत माझी चटणी दुबईला जायची. आता थोडा माल मी माझ्या आयईसीवर, म्हणजे आयात-निर्यात कोडवर, पाठवते. त्यासाठी लागणारं उत्पत्ती प्रमाणपत्र, म्हणजे माल भारतातलाच असल्याचा दाखला, चेंबर देतं. १ जानेवारी २०२५ पासून हा अर्ज डीजीएफटीच्या (केंद्राच्या परदेश व्यापार खात्याच्या) ऑनलाइन प्रणालीतूनच करावा लागतो. डिजिटल सही जोडण्यात माझा एक अख्खा दिवस गेला, पुढचे दाखले घरबसल्या मिळाले. मे २०२२ पासून लागू असलेल्या भारत-यूएई कराराची आयात शुल्कातली सवलत घ्यायची असेल तर मात्र दाखला वेगळा आणि तो आमच्या चेंबरच्या हातात नाही. हे आधीच विचारून घ्या.

आता वसाहतीतल्या दिव्यांबद्दल. आमच्या शेडपासून बसस्टॉपपर्यंतच्या रस्त्यावर दिवे नव्हते. दिवाळीच्या हंगामात बायका रात्री साडेआठला सुटतात. मी अर्ज दिले, ते एका कार्यालयातून दुसऱ्याकडे फिरत राहिले. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक होते, चेंबरचा प्रतिनिधी तिथे बसतो. विषय तिथे मांडला गेला, इतिवृत्तात आला आणि मग कोणाकडे बोट दाखवायचं हा प्रश्न उरला नाही. दिवे लागले. सगळे नाहीत, वळणावरचे दोन अजून बंद आहेत, पण बायका आता घोळका करून न थांबता निघतात.

चेंबर नावाची गोष्ट मुळात याचसाठी निघाली. मुंबईत १८३६ मध्ये ब्रिटिश व्यापाऱ्यांनी बॉम्बे चेंबर काढलं ते सरकारशी एका तोंडानं बोलता यावं म्हणून. देशी व्यापाऱ्यांनी १९०७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर उभं केलं, वालचंद हिराचंदांच्या पुढाकारानं १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर आलं, पुण्याचं मराठा चेंबर १९३४ चं. आमच्याकडच्या वार्षिक सभेत हे सगळं सांगितलं जातं आणि त्यानंतर दीड तास सत्कार चालतात. वीजदराच्या जनसुनावणीत हरकती मांडायला मात्र दोनच पदाधिकारी गेले होते.

समाजासाठी चेंबर काय करतं, हा प्रश्न माझ्या धंद्याशीच येऊन भिडला. पुण्यात मार्केट यार्डातलं पूना मर्चंट्स चेंबर दर दिवाळीला ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकतं आणि त्याला रांगा लागतात. आमच्या चेंबरमध्येही गेल्या वर्षी 'आपणही करूया' असा ठराव आला. टाळ्या पडल्या. मी उठून विचारलं, चिवडा कोण तळणार? बाहेरून आचारी आणून स्वस्तात विकणार असाल तर गावातल्या माझ्यासारख्या युनिटांचा आणि बचत गटांचा हंगाम तुम्हीच बुडवणार. ज्यांच्या वर्गणीवर संस्था चालते त्यांच्याशीच स्पर्धा का? बराच वाद झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, गरिबाच्या घरी दिवाळीला चिवडा जायला नको का? त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी असं ठरलं की तेल, पोहे, डाळं होलसेल व्यापारी खरेदीच्या भावानं देतील आणि माल गावातली युनिटं आणि बचत गट मजुरी घेऊन करतील. मजुरी माफक होती, पण ऐन हंगामाच्या आधी दहा दिवस शेड चालू राहिली. ही योजना मला आमच्या चेंबरनं केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते आणि ती भांडणातून निघाली.

मोठ्या शहरात याच गोष्टी मोठ्या होतात. कोविडमध्ये मराठा चेंबरच्या पुढाकारानं पुण्यात उभं राहिलेलं पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड रिस्पॉन्स आणि दुसऱ्या लाटेत 'मिशन वायू'तून परदेशातून आणलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आठवा. पैसे देणारे, आयात जाणणारे, गोदामवाले, रुग्णालयवाले यांचे फोन नंबर आधीच एका ठिकाणी असतील तर वेळ येते तेव्हा ते उपयोगी पडतात. आमच्याकडे ती यादी आहे, पण वेबसाइटवरच्या सभासद सूचीत बंद पडलेल्या गिरण्यांची नावं अजून आहेत आणि माझं नाही.

तक्रारींत हे तर आहेच. शिवाय कार्यक्रम संध्याकाळी सातनंतर, मागाहून जेवण. ज्या बाईला घरी जाऊन स्वयंपाक करायचा आहे ती कशी थांबणार? महिला विभाग आहे, त्याची धाव हळदीकुंकू आणि ८ मार्चपर्यंत. मी पतपुरवठ्यावर सत्र घ्या म्हटलं, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत तेव्हा प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळत होतं, ते किती जणींना माहीत आहे? उत्तर आलं, "बघू, पुढच्या मिटिंगमध्ये." पुढच्या मिटिंगमध्ये रांगोळी स्पर्धा होती. व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली कामाचं परिपत्रक दबतं, त्यामुळे मी ग्रुप बंद ठेवून काकांचा ब्रॉडकास्ट तेवढा वाचते. निवडणुकीत दोन पॅनेल, दोन्हींत तीच घराणी. आणि काका उद्या निवृत्त झाले तर काय, याचं उत्तर कोणाकडे नाही. दुसऱ्या माणसाला तयार करा असं मी दोनदा लेखी दिलंय.

पाचपैकी साडेतीन. उत्पादन करत असाल, उधारीवर माल देत असाल, निर्यात करायची असेल तर घ्या. नुसतं दुकान असेल आणि गावात व्यापारी संघटना चांगली चालत असेल तर तीच पुरेल. नोकरी सोडून नुकताच धंदा सुरू केलेल्यांनी पहिलं वर्ष थांबावं, आधी माल विकून बिलं करावीत.

मी नूतनीकरण केलं. सभासद व्हायला उद्यम, जीएसटी आणि पॅनची प्रत लागते, शिवाय सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन जुन्या सभासदांच्या सह्या. पदाधिकाऱ्यांच्या मागे धावू नका, वसाहतीत शेजारच्या गाळ्यात विचारा. ऑफिसात जायचं तर सकाळी अकरा ते एक, काका जागेवर असतात.